डाव्या हेडलाइटचा फक्त लो बीम मंद, व्होल्टेज नेमकं कुठे पडतंय?

मदत हवी आहे. कारमध्ये साधे एच४ हॅलोजन बल्ब आहेत (हाय आणि लो बीम एकाच बल्बमध्ये), ६०/५५ वॅटचे. डाव्या बाजूचा लो बीम पिवळट आणि मंद पडतो, हाय बीम मात्र त्याच बाजूचा झक्कास. दोन्हीकडचे बल्ब अदलाबदल करून बघितले, फ्यूजही बदलला (लो बीमला डावा-उजवा वेगळा आहे), काही फरक नाही.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. डाव्या कनेक्टरच्या मागून, बल्ब लावलेला असतानाच, लो बीमच्या वायरवर १०.८, उजवीकडे १३.४. बल्ब काढला की डावीकडेही १४ दाखवतं, म्हणजे लोड आला की पडतंय. अर्थिंग चांगलं आहे, अर्थिंगची पिन ते बॅटरी निगेटिव्ह ०.१. फ्यूजच्या दोन्ही टोकांना १३.९ मिळतात.

कनेक्टरची एक पिन तपकिरी झालीय, प्लास्टिक थोडं वितळलंय, त्यामुळे मेकॅनिक म्हणतो कनेक्टर बदला. पण मी मोजलं वायरवर, कनेक्टरच्या अलीकडे, मग नुसता कनेक्टर बदलून काय होणार?

एलईडी लावा किंवा जास्त वॅटचे बल्ब घाला असं प्लीज सुचवू नका, आणि रात्री गाडी लागते म्हणून सगळं हार्नेस (टेपने गुंडाळलेला वायरींचा जुडगा) सोलून ठेवणंही जमणार नाही.

तर फ्यूजबॉक्सच्या खालची पिन खराब आहे की मधली वायर आतून कुजलीय, हे टेप न सोडता कसं ओळखायचं? आणि तोपर्यंत फ्यूजच्या पुढून वेगळी १.५ स्क्वेअर एमएमची वायर थेट कनेक्टरपर्यंत ओढली तर चालेल का?