'शरसंधान करा!' बरोबर की चूक?

प्रश्न: मंडळी, एका इतिहासपटाची मराठी सबटायटल्स करतोय, लढाई अ‍ॅजिनकोर्टची, १४१५, इंग्लंड विरुद्ध फ्रान्स. सगळे तिरंदाज दोरी ओढून उभे, सरदार तलवार वर धरतो, मग ओरडतो 'फायर!' मी लिहिलं 'शरसंधान करा!' पेपरात 'विरोधकांवर शरसंधान' असतंच की रोज, पण कानाला खटकतंय.

उत्तर: खटकणारच! संधान म्हणजे जोडणं, सांधा आणि संधी त्याच घरातले. बाणाची खाच दोरीवर बसवली की झालं शरसंधान, बाण अजून हातातच आहे. आणि 'फायर' तर नकोच, तो बंदूक-तोफेचा शब्द. आपल्याकडे मराठेशाहीच्या कागदांत 'बाण' म्हणजे पुष्कळदा दारू भरलेला अग्निबाण, दिवाळीतला बाण तोच, त्याला वात पेटवणं शोभतं, लाकडी तिराला नाही.

पण खरा घोळ त्या सीनमध्येच आहे. मी चाळीस पौंडाच्या, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, धनुष्यावर सराव करतो, पूर्ण ओढून दहा मोजेपर्यंत खांदा थरथरतो आणि बाणाचं टोक नाचायला लागतं. मेरी रोझ हे इंग्रजांचं लढाऊ जहाज १५४५ला बुडालं, १९८२ला वर काढलं, त्यात शंभराहून जास्त धनुष्यं सापडली, ती बहुतेक शंभर पौंडांच्या वरची आणि काही तर दीडशेच्याही वरची असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दीडशे पौंड म्हणजे ६८ किलो, एक अख्खा माणूस बोटांवर! ते ओढून सरदाराची वाट बघत कोण उभं राहील, ओढलं की सोडलं, एकाच झटक्यात. आणि ओढायचं ते हनुवटीपर्यंत नाही, कानापर्यंत. आपला 'आकर्ण' शब्द किती नेमका आहे बघा, 'आकर्ण धनुष्य ओढलं' हे नुसतं काव्य नाहीये.

प्रश्नकर्ता: बाप रे. मग हुकूम नव्हताच?

उत्तर: सुरुवातीचा इशारा होता ना. मॉन्स्त्रले नावाच्या बखरकाराने लिहिलंय की इंग्रज सेनानी सर थॉमस अर्पिंगहॅमने हातातली काठी हवेत फेकली आणि 'नेस्त्रोक' असं काहीतरी ओरडला, त्याचा अर्थ 'आता हाणा' असा बरेच जण लावतात. बाण संपल्यावर हेच तिरंदाज कुऱ्हाडी नि मोगऱ्या घेऊन चिखलात रुतलेल्या फ्रेंच सरदारांवर तुटून पडले, तेव्हा 'सोडा'पेक्षा मला 'मारा!' आवडेल. बाण मारतात, बाणांचा माराही असतो.

प्रश्नकर्ता: 'मारा!' फायनल. 'शरसंधान' त्याआधी बाण दोरीला लावतात त्या शॉटला टाकतो.