खाडीतल्या तिसऱ्या संपल्या, म्हणून सगळं खापर बॅलास्टवर?

खारफुटीवाला
ठाणे-पनवेल पट्ट्यात तिसऱ्या नि कालवं, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिळेनाशा झाल्यात. गोदीच्या भिंतींवर मात्र मायटिलोप्सिस नावाच्या परक्या शिंपलीचे घोसच्या घोस. ही मध्य अमेरिकेकडची शिंपली जहाजांच्या बॅलास्टमधून, म्हणजे रिकाम्या जहाजाचा तोल सांभाळायला टाक्यांत भरतात त्या पाण्यातून, इथे आली. उपाय साधा आहे: बंदरात शिरायच्या आधी भर समुद्रात टाक्या रिकाम्या करायच्या आणि तिथलं पाणी भरायचं. जहाजवाले इंधन वाचवायला ते करत नाहीत आणि रेकॉर्ड बुकात खोटं लिहितात.

पंपरूम
'उपाय साधा' वाचलं आणि राहवलं नाही. ही गच्चीवरची टाकी धुणं नव्हे.

केपसाइज बल्करवर, म्हणजे खनिज-कोळसा नेणाऱ्या अवाढव्य जहाजावर, पन्नास हजार घनमीटर बॅलास्ट धरा. एकेक टाकी रिकामी करून भरायची म्हटली, तर अर्धवट टाकीत पाणी हिंदकळतं, त्या मोकळ्या पृष्ठभागामुळे जीएम (जहाजाच्या स्थैर्याचं माप) घटतो, बेंडिंग मोमेंट (जहाज वाकवणारा ताण) दर टप्प्याला लोडिंग कॉम्प्युटरवर तपासावा लागतो. पुढचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) कमी झाला की नाळ लाटांवर आपटते, मागचा कमी झाला की पंखा उघडा पडतो. म्हणून बरेच जण फ्लो-थ्रू करतात: खालून पंप करायचं, वरून डेकवर सांडू द्यायचं. त्यात टाकीच्या तिप्पट पाणी ढकललं, तर ९५ टक्के बदललं असं धरतात. झालं दीड लाख घनमीटर. तासाला दोन हजारांचे दोन पंप असले तरी सदतीस तासांच्या वर. तेवढा वेळ सगळा भार एअर व्हेंटवर, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळ्यांवर. व्हेंटमधला गोळा अडकला की टाकीवर दाब चढतो आणि डेकची प्लेट फुगते.

आणि हे करायचं कुठे? किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, २०० मीटर खोल पाण्यात. नाहीच जमलं तर ५० मैल, पण खोली तीच. मुंबईसमोरचा उथळ पट्टा तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. कांडला-मुंबई अशी किनाऱ्याने ये-जा करणाऱ्या जहाजाला ती खोली वाटेत लागतच नाही, आणि त्यासाठी वाट वाकडी करायची सक्ती बॅलास्टच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. खोटं लिहायची गरजच काय?

शिवाय मुंबईत क्रूड उतरवणारा टँकर इथे बॅलास्ट सोडत नाही, भरतो. सोडतो तो इराणच्या आखातात, पुढचा माल चढवताना. बॅलास्ट पडतं ते जिथून माल निघतो तिथे. मार्मागोव्याला लोहखनिज न्यायला येणारे बल्कर रिकामे येत, त्यांचं पाणी तिथे पडायचं. आधी हे समजून घ्या, मग खापर फोडा.

दोनापावला_रोड
पंपरूम, गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. मुंबईच्या रिफायनऱ्यांचा माल भरायला येणारे प्रॉडक्ट टँकर बॅलास्ट इथेच सोडतात. बॅलास्टमधून येणाऱ्या परक्या जीवांवरच्या ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातली सहा बंदरं निवडली होती: दालियान, खार्ग बेट, ओडेसा, साल्दान्हा, सेपेटिबा आणि मुंबई. मुंबई बॅलास्ट फक्त देते, घेत नाही असं असतं तर मुंबई त्या यादीत कशाला आली असती?

पण मूळ पोस्टचा पुरावाही कच्चा. मायटिलोप्सिस सॅलीची विशाखापट्टणमची नोंद १९६७ची, मुंबईच्या गोदीतली सत्तरच्या दशकातली. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत ती काहीही सोसते आणि धाग्यांनी घट्ट धरून बसते. असा प्राणी जहाजाच्या बुडाला लागून आरामात येतो. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९९९च्या मार्चमध्ये ती सापडली ती मरीनांमध्ये, म्हणजे होड्यांच्या छोट्या गोद्यांत, जिथे बॅलास्टवाली मोठी जहाजं शिरतच नाहीत. संशय गेला यॉटच्या बुडावर.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्या झेब्रा शिंपलीचं उलट. १९८८ मध्ये ती अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात मिळाली. ती गोड्या पाण्यातली; बुडाला चिकटून अटलांटिक ओलांडताना वाटेतच मेली असती. ती टाकीतूनच आली. प्राणी कुठलं पाणी सोसतो ते बघायचं, मग वाट ठरवायची.

खारफुटीवाला
म्हणजे आलं जहाजाबरोबरच ना? पोटातून की पाठीवरून, त्यावर पीएचडी करा तुम्ही. डार्विनवाल्यांनी क्लोरीन आणि मोरचूद ओतून ती साफ संपवली. आपल्याकडे का नाही?

दोनापावला_रोड
कारण त्या मरीनांना लॉकगेट, म्हणजे पाणी अडवणारी दारं होती. शिंपली सापडल्याबरोबर दारं लावली, आतलं पाणी मारलं, आधीच बाहेर पडलेल्या होड्या शोधून तपासल्या. ठाणे खाडीला दार कुठे आहे? मुंबई बंदराच्या इंदिरा डॉकला आहे, पण पन्नास वर्षं बस्तान बसल्यावर आतली मारून बाहेरच्या खांबांवरची कोण काढणार? आणि मोरचूद तुमच्या कालवांनाही सोडत नाही.

ड्रायडॉक_९
बुडाचा विषय निघालाच आहे तर: सपाट बुडावर फारसं काही नसतं, तिथे रंग टिकतो. घोस मिळतात ते सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी आत घ्यायच्या खणाच्या) जाळीमागे, बो थ्रस्टरच्या (नाळेतल्या आडव्या पंख्याच्या) बोगद्यात, रडरच्या (सुकाणूच्या) फटीत, आणि ड्रायडॉकमध्ये जहाज ज्या ठोकळ्यांवर बसतं त्या जागी. तिथे रंग पोचतच नाही. पुढच्या डॉकिंगला ठोकळे सरकवायचे असतात, पण घाईत तोच आखणीचा कागद वापरतात. आयएमओची (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची) बुडाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०११ची, सुधारणा २०२३ची, आणि अजून ऐच्छिक. न्यूझीलंडने मात्र मे २०१८पासून सक्ती केली. शिवाय नांगर टाकून उभ्या जहाजाच्या बुडावर पाणबुड्यांकडून ब्रश मारून घेतला आणि खरवड गोळा केली नाही, तर अंडी-पिल्लं आयती बंदरातच पडतात.

लाइटशिप
हे सगळं शिळं झालं. ८ सप्टेंबर २०२४पासून डी-२ (सोडायच्या बॅलास्टमध्ये किती जिवंत जीव चालतील त्याची मर्यादा) सगळ्यांना लागू, पाण्यावर उपचार करणारं यंत्र बसवा आणि गप्प बसा. फक्त यूव्ही (अतिनील दिव्यांचं) घेऊ नका. मुंबईच्या गाळात ते चालत नाही. इलेक्ट्रोक्लोरिनेशन (समुद्राच्या मिठातून विजेने क्लोरीन बनवणारं) घ्या, विषय संपला.

पंपरूम
'विषय संपला' म्हणे. ब्रोशर वाचून आलेले दिसताय.

गढूळ पाण्यात यूव्हीची किरणं आत शिरत नाहीत, मान्य. दिवे पूर्ण ताकदीवर जातात, यंत्र आपोआप प्रवाह कमी करतं, तरी मात्रा पुरली नाही की अलार्म. पण त्याच पाण्यातला सेंद्रिय गाळ क्लोरीनही खातो. टीआरओ (पाण्यात उरलेल्या क्लोरीनचं माप) लिटरला सात-आठ मिलिग्रॅमवर ठेवायचा म्हटलं तर सेलला वीज देणारा रेक्टिफायर कमाल अँपिअरवर जाऊनही आकडा चढत नाही. शेवटी प्रवाह कमीच करावा लागतो. हुगळीत तर पाणीच गोडं, क्लोरीन बनवणारा सेल चालायला मीठ नाही. आफ्टपीकमध्ये (जहाजाच्या मागच्या टोकाच्या टाकीत) समुद्राचं पाणी साठवून ते सेलला पाजावं लागतं. थंड पाण्यात हीटर. सेलमध्ये हायड्रोजन होतो, त्याचा ब्लोअर बंद पडला की अख्खं यंत्र ट्रिप. इलेक्ट्रोडवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर, तो आम्लाने धुवायचा. टीआरओ सेन्सरचा रिएजंट मुदत संपलेला असला की आकडा खोटा. आणि सोडताना क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घालून टीआरओ ०.१च्या खाली आणायचा. डोसिंग पंपाने हवा धरली की क्लोरीनचं पाणी सरळ बंदरात.

लाइटशिप
मग यूव्हीवाल्यांना पाणी भरताना एकदा आणि सोडताना परत एकदा उपचार करावा लागतो ते का लपवता? कारण यूव्ही मारत नाही, फक्त पुढची वाढ थांबवतं. टाकीत राहिलेले जिवाणू पुन्हा वाढतात. म्हणून तर अमेरिकन कोस्ट गार्डची जिवंत-मृत मोजायची पद्धत यूव्हीला जड जाते आणि जास्त मात्रा द्यावी लागते. तुमचं कमिशन नक्की कुठल्या कंपनीकडे आहे?

पंपरूम
कमिशनवर घसरलात म्हणजे मुद्दे संपले. मी यूव्ही घ्या असं एका ओळीत तरी म्हटलंय का ते दाखवा.

चीफमेट_ऑन_लीव्ह
दोघंही दिवे आणि क्लोरीन घेऊन बसलात. मुंबईत आधी मरतो तो फिल्टर. चाळीस मायक्रॉनची जाळी. आतला-बाहेरचा दाबफरक अर्ध्या बारच्या आसपास गेला की बॅकफ्लश (उलट पाण्याने जाळी धुणं) सुरू होतो. भरती फिरताना गाळ उठतो तेव्हा तो थांबतच नाही. बॅकफ्लशला पंपाचा दाब लागतो, तो कमी पडला तर जाळी स्वच्छच होत नाही. निम्मं पाणी परत समुद्रात. तिकडे टर्मिनलला माल ठरल्या वेगाने उतरायला हवा, बॅलास्ट मागे पडलं की जहाज पुढे-मागे कलतं आणि माल उतरवणाऱ्या धक्क्यावरच्या आर्म्सच्या (नळ्यांच्या) मर्यादा येतात. मग काय, बायपास: यंत्र टाळून पाणी सरळ टाकीत.

आणि बायपास म्हणजे फक्त ती टाकी नव्हे, पुढची सगळी लाइन घाण. मार्च २०२४ मध्ये एमईपीसीच्या (आयएमओच्या पर्यावरण समितीच्या) ८१व्या बैठकीत यावर तत्त्वं आली: आधी प्रवाह कमी करून बघा, बायपास शेवटचा, नंतर टाकी आणि लाइन धुवा, भर समुद्रात पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यावर यंत्राचा उपचार करा. म्हणजे पंपरूमचे ते सदतीस तास डी-२ आल्यावरही सुटले नाहीत.

लाइटशिप
ठीक. फिल्टर दोन्हीकडे लागतो, तेवढं दिलं तुम्हाला. बाकी मत कायम.

खारफुटीवाला
वा. मी तिसऱ्यांबद्दल विचारलं, तुम्ही एकमेकांचे सेल धुताय. रेकॉर्ड बुकात खोटं लिहितात याचं उत्तर कुणी दिलं नाही.

पंपरूम
देतो. लिहितात, काही जण. पकडता येतं. पाणी बदलल्याची वेळ आणि पोझिशन घ्या, लॉगमधली जहाजाची जागा बघा. पंपाचे तास गुणिले क्षमता, तिप्पट आकडा जुळतो का बघा. त्या तासांत जनरेटरवर पंपाएवढा लोड दिसलाच पाहिजे. शिवाय यंत्राच्या मेमरीत बायपास व्हॉल्व कधी उघडला ते असतंच. २४ महिन्यांचा डेटा ठेवावा लागतो.

आणि साउंडिंग पाइपमधून (टाकीतली पातळी मोजायच्या नळीतून) नमुना काढून क्षारता मोजा. भर अरबी समुद्रात ती हजार भागांत ३६च्या आसपास. आखातातलं पाणी ४०च्या आसपास. आखातातून आलेल्या टाकीत ४० दिसलं आणि बुकात 'बदललं' असलं, तर पकडलात. पावसाळ्यात खाडीतून भरलेलं पाणीही असंच ओळखता येतं, कमी भरतं. उन्हाळ्यात मात्र मुंबई बंदराचं पाणीही समुद्राइतकंच खारट असतं, तेव्हा ही युक्ती चालत नाही.

दोनापावला_रोड
नमुना तळाजवळून घेऊ नका. पाइपच्या तळाला जुनं पाणी नि गाळ बसलेला असतो, तो आकडा फसवतो. आणि त्या गाळाबद्दल कुणी बोललंच नाही. अंधाऱ्या टाकीत प्राणिप्लवक काही दिवसांतच झपाट्याने मरतं, पण लाल भरती आणणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांच्या सिस्ट (कवचात झोपलेल्या पेशी) गाळात वर्षानुवर्षं टिकतात. पाणी कितीही बदला, गाळ हलत नाही. तो ड्रायडॉकमध्ये फावड्याने काढायचा असतो, आणि घ्यायची सोय दुरुस्तीच्या यार्डात असायला हवी.

खारफुटीवाला
क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे माझ्याकडे. जहाजावर चढू कोण देणार?

चीफमेट_ऑन_लीव्ह
तुम्हाला कुणी नाही. पोर्ट स्टेट कंट्रोलच्या, म्हणजे बंदरात आलेली परदेशी जहाजं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, सर्व्हेयरला. त्याला म्हणा, आधी बायपासचा लॉग माग, चहा नंतर.