मदत हवी आहे : शिक्षकांचा कल जाणून घ्यायला कोणती प्रश्नावली वापरू?

नमस्कार मंडळी. मेडिकल, नर्सिंग, फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकावं, याबद्दल शिक्षकांना मनापासून काय वाटतं, यावर अभ्यास करतेय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये अशा एकत्र शिक्षणाचा आराखडा दिला, पण तो वर्गात उतरवायचा शिक्षकांनीच. तत्त्व सगळ्यांना पटतं. वेळापत्रक कोण जुळवणार, गुण कोण देणार म्हटलं की गाडी अडते. डिस्चार्जच्या वेळी औषधांची यादी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट तिघांच्याही हातून जाते आणि शिकवतो मात्र वेगवेगळं, हे फार खटकतं.

'रिपल्स' (RIPLS) ही एकत्र शिकण्याची तयारी मोजणारी १९९९ची प्रश्नावली मुळात विद्यार्थ्यांसाठी आहे. ती शिक्षकांसाठी बदलून कोणी वापरली आहे का? शिवाय वरिष्ठ डॉक्टरांसमोर नर्सिंगचे शिक्षक मोकळं बोलतील का, ही शंका आहे. गटचर्चा वेगवेगळ्या घ्याव्यात का? अनुभव असेल तर नक्की सांगा.