पंपात आलेलं दूध म्हणजे बाळाचं पोट नव्हे

पंप केल्यावर जेमतेम ४० मिली निघालं म्हणून दूध कमी पडतंय असं वाटतंय ना तुम्हाला? मीही बाटलीवरच्या रेघा बघून रडायचे. पण स्तनावर तोंडाची नीट पकड असेल तर बाळ पंपापेक्षा चांगलं दूध ओढतं, त्यामुळे त्या आकड्यावरून काही ठरवू नका.

पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीकही पुरतो. महिन्याभरानंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली. ही सरासरी हं, काही बाळं बरीच कमी पितात, काही हजारावर जातात. गंमत म्हणजे या काळात आकडा फारसा वाढत नाही, कारण वाढीचा वेग मंदावत जातो.

मोजायचंच तर लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा तरी चांगले ओले हवेत, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास जन्माचं वजन भरून आलेलं असावं. संध्याकाळची किरकिर दरवेळी भुकेचीच असते असं नाही. मात्र बाळ सुस्त असेल, पाजायला उठतच नसेल किंवा शू कमी असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.