मदत हवी आहे: मॅन्युअलचा रिव्ह्यू इंजिनिअर लोकांकडून कसा करून घेता?

नमस्कार मंडळी,

भोसरीत हायड्रॉलिक प्रेस बनवणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल रायटर आहे. आधी सर्व्हिसला होतो, त्यामुळे मशीनची माहिती आहे. ऑपरेशन आणि मेन्टेनन्सची सगळी मॅन्युअल्स माझ्या एकट्याच्या गळ्यात.

अडचण रिव्ह्यूची. डिझाइनवाल्यांना पीडीएफ पाठवली की आठवडाभर सामसूम. मागे लागलं की "ठीक आहे, पुढे जाऊ द्या" किंवा दोन स्वल्पविराम दुरुस्त करून परत. खरा घोळ गिऱ्हाइकाकडे उघडा पडतो.

नमुना बघा. जुन्या मॅन्युअलमधली सील बदलायची कृती: "पंप बंद करून सिलेंडरचे कव्हर काढावे व त्यापूर्वी अ‍ॅक्युम्युलेटरमधील दाब शून्य झाल्याची खात्री करावी." पंप बंद केला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी) दाब साठून राहतो. पाना हातात घेऊन वाचणारा माणूस "त्यापूर्वी"पर्यंत पोचतो तेव्हा त्याचे बोल्ट सैल झालेले असतात! आणि यावर तीन जणांच्या सह्या आहेत.

शिवाय साहेबांनी कुठेतरी डिटा (मजकूर टॅग लावून तुकड्यांत लिहायची आणि तेच तुकडे पुन्हा वापरायची पद्धत) ऐकलंय, "आपणही घेऊ" म्हणतात. घ्यावं का?

---

पाना_पक्कड: अख्खी पीडीएफ पाठवणं आधी बंद करा. ऐंशी पानं बघून कुणीही सहीच करेल. त्यांच्या टेबलाशी जाऊन नेमकं विचारा: "दाब सोडायचा ब्लीड व्हॉल्व्ह उघडल्यावर कुठला गेज बघायचा? रॅम (प्रेसचा खाली येणारा भाग) घसरू नये म्हणून त्याखाली सेफ्टी ब्लॉक कधी लावायचा, पंप बंद करायच्या आधी की नंतर?" असं विचारलं की इंजिनिअर स्वतःहून सर्किट काढून दाखवतो. पुस्तक तपासायला दिलं तर कंटाळतो.

दुसरं, नवा फिटर पकडा, हातात मॅन्युअल द्या आणि मशीनपाशी गप्प उभे राहा. जोखमीची कामं असतील तिथे वीज, दाब बंद ठेवून नुसतं दाखवायला सांगा आणि सोबत जुना माणूस ठेवा. पोरगं जिथे अडतं किंवा तुमच्या तोंडाकडे बघतं तिथे पेन्सिलीने खूण. तुम्ही सर्व्हिसवाले, त्यामुळे मधे बोलायचा मोह होणारच. बोलू नका.

अनुस्वार: दादा, ते सीलचं वाक्य तोडाच. एका पायरीत एकच काम. विमान उद्योगातल्या सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिशमध्ये (मॅन्युअल सोप्या इंग्रजीत लिहायचे नियम) कृतीच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे, वर्णनाला २५. प्रेससाठी ते बंधनकारक नाही, पण शिस्त उचलण्यासारखी आहे. धोक्याची सूचना नेहमी पायरीच्या आधी, आणि तिच्यात धोका काय, काय होईल, टाळायचा कसा हे तिन्ही हवं. नुसतं "काळजी घ्या" लिहिणं म्हणजे लेखकाने हात झटकणं, असं माझं स्पष्ट मत.

सरसकट सगळीकडे वॉर्निंगही लावू नका. मशीन खराब होण्यापुरतं असेल तर नोटीस, किरकोळ इजेला कॉशन. वॉर्निंग आणि डेंजर जिवावरच्या किंवा गंभीर इजेच्या गोष्टींसाठी राखून ठेवा. पानोपानी पिवळे त्रिकोण दिसले की कुणी वाचत नाही.

डिटाचं म्हणाल तर ते आयबीएमकडून आलेलं, २००५ पासून ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड. तोच मजकूर बऱ्याच मॉडेल्सच्या मॅन्युअल्समध्ये फिरत असेल आणि भाषांतरंही होत असतील तर कामाचं. एकट्या माणसाने घाईत घेतलं तर वर्ष टॅग लावण्यात जाईल आणि रिव्ह्यूचं दुखणं तसंच राहील. तूर्तास सामायिक पायऱ्या एका फाइलमध्ये ठेवून तिथूनच वापरा.

---

धागाकर्ता: दोघांचेही आभार. डिझाइनच्या माणसाकडे सीलचा क्रम घेऊन सोमवारी जातो. एक उपप्रश्न: फिटरला घेऊन तपासायचं म्हणजे मशीन रिकामं हवं, आणि प्रॉडक्शनवाले अर्धा तासही सोडत नाहीत. डिस्पॅचआधीच्या ट्रायलमध्येच हे बसवलंय का कुणी? क्वालिटीकडून परवानगी कशी काढली?