सर्जरीच्या रेसिडेंटना शिकवायला आणि टीम सांभाळायला कसं शिकवायचं?

प्रश्न: पीजी शिक्षक, जनरल सर्जरी, पुणे

नमस्कार. आमच्या युनिटमध्ये दोन जेआर-थ्री (तिसऱ्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट), दोन जेआर-टू, दोन जेआर-वन आणि इंटर्न आहेत. आठवड्याला दोन दिवस ओटी (ऑपरेशन थिएटर), एक दिवस इमर्जन्सी. जेआर-थ्रींचा हात चांगला बसलाय. पण जेआर-टूकडून हर्निया करवून घ्यायची वेळ आली की दोनच गोष्टी होतात. एकतर पाच मिनिटांत स्वतःच करायला घेतात, नाहीतर समोर गप्प उभे राहतात. इमर्जन्सीत सगळे एकदम धावतात, कुणी काय करायचं हे कुणीच सांगत नाही. वेगळ्या लेक्चरला वेळ नाही. चालू कामातच हे कसं बसवावं?

उत्तर १: सर्जन

सर, हात बसला की पायऱ्या अंगवळणी पडतात आणि मग त्या सांगता येत नाहीत. तुमचे जेआर-थ्री गप्प राहतात त्याचं कारण बहुधा हेच आहे. त्यांना आधी स्वतःची कृती शब्दांत मांडायला लावा.

यासाठी पेटनची चार पायऱ्यांची पद्धत सोपी आहे. आधी न बोलता नेहमीच्या गतीने करून दाखवायचं. मग प्रत्येक पायरी सांगत करायचं. तिसऱ्या वेळी शिकणारा सांगणार आणि शिकवणाऱ्याने त्याच्या सांगण्याबरहुकूम हात चालवायचा. चौथ्या वेळी शिकणारा सांगत सांगत स्वतः करतो. घाईत नेमकी तिसरी पायरी गाळली जाते, आणि खरी कमाई तिथेच आहे: चूक हातात उतरण्याआधी तोंडून बाहेर पडते. अख्ख्या ऑपरेशनला ही पद्धत लावू नका. गाठ, ड्रेन, मेशचा (हर्नियावर लावायच्या जाळीचा) एखादा टाका अशा छोट्या तुकड्याला लावा.

हात धुताना दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात त्या दिवसाचं एकच उद्दिष्ट ठरवा. ‘आज हर्निया शिकू’ याला उद्दिष्ट म्हणता येत नाही. ‘लिश्टेनस्टाइनमध्ये मेशची मीडियल बाजू तू बसवायची’ असं नेमकं हवं (लिश्टेनस्टाइन म्हणजे मेश लावून करायचं हर्नियाचं उघडं ऑपरेशन, मीडियल म्हणजे शरीराच्या मध्याकडची). मग जेआर-थ्रीला नेमकं सांगताही येतं: मेश प्युबिक ट्युबरकलच्या (जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या) २ सेंमी पुढे जायला हवी, कारण ती तोकडी पडली की तिथेच रिकरन्स होतो, म्हणजे हर्निया परत येतो. पहिला टाका ट्युबरकलवरच्या टिश्यूत घ्यायचा, पेरिऑस्टियममध्ये (हाडावरच्या आवरणात) नाही, नाहीतर पेशंटला दुखणं मागे लागतं. तिथून २-० प्रोलीनच्या धाग्याने इंग्वायनल लिगामेंटला (जांघेतल्या बंधाला) सलग टाके, इंटर्नल रिंगच्या (पोटाच्या भिंतीतल्या आतल्या छिद्राच्या) थोडं पुढेपर्यंत. आणि एक्स्टर्नल ऑब्लिक (पोटाच्या भिंतीचा बाहेरचा थर) उघडतानाच इलिओइंग्वायनल नर्व्ह शोधून दाखव म्हणायचं, कारण ती अगदी त्याच्या खालीच असते आणि घाईत तिथेच कापली जाते.

‘कधी काढून घ्यायचं’ हेही आधीच ठरवा. रक्तामुळे दिसेनासं झालं, प्लेन (दोन थरांमधली जागा) चुकला, किंवा एकाच पायरीवर तीन प्रयत्न फसले, तरच. काढून घेतलं तर तेवढी पायरी पार करून परत द्यायचं. बाकी वेळी तोंडाने वाट दाखवायची. लॅप कोलीत (दुर्बिणीने गॉलब्लॅडर काढताना) एक थांबा सक्तीचा ठेवा: क्लिप लावण्याआधी जेआर-टूने क्रिटिकल व्ह्यूच्या (रचना नीट ओळखल्याची खात्री देणाऱ्या दृश्याच्या) तिन्ही अटी मोठ्याने सांगायच्या. त्रिकोण साफ झालाय, गॉलब्लॅडरचा खालचा तिसरा भाग लिव्हरपासून सुटलाय, आणि गॉलब्लॅडरमध्ये जाणाऱ्या फक्त दोनच रचना दिसताहेत. एकही अट पुरी नसेल तर क्लिप नाही. तो निर्णय मात्र कन्सल्टंटचाच.

उत्तर २: ट्रॉमा, इमर्जन्सी

इमर्जन्सीतला गोंधळ बहुतेक वेळा पेशंट येण्याआधीच्या रिकाम्या तीन मिनिटांत ठरतो. त्या वेळात जेआर-थ्रीने नाव घेऊन कामं वाटायची: एअरवे ॲनेस्थेशियाकडे, दोन जाड कॅन्युला (१४ किंवा १६ नंबर) एका जेआर-वनकडे, प्रायमरी सर्व्हे (जिवाला धोका शोधणारी पहिली तपासणी) जेआर-टूकडे, वेळा लिहून घेणं इंटर्नकडे. स्वतः पेशंटच्या पायथ्याशी उभं राहायचं, हात मोकळे.

नेहमीची चूक म्हणजे लीडर स्वतःच आयसीडी (छातीतली नळी) टाकायला बसतो आणि बीपी पडतंय हे कुणाच्याच लक्षात येत नाही. माणसं कमी असतील आणि हात घालावाच लागला, तर ‘आता लीड तुझ्याकडे’ असं नाव घेऊन मोठ्याने सांगायचं.

‘कुणीतरी ब्लड बँकेला फोन करा’ ही ऑर्डर हवेत विरते. नाव घ्यायचं, त्या माणसाने ऑर्डर परत उच्चारायची, काम झालं की येऊन सांगायचं. दर पाच मिनिटांनी एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असा आढावा: काय झालं, काय राहिलं, पुढे काय.

जेआर-वनला उलट दिशेचं शिकवा, म्हणजे सीनियरला अडवायचं कसं. आधी प्रश्न विचारायचा, मग धोका सांगायचा, मग स्पष्ट हरकत घ्यायची, आणि तरीही ऐकलं नाही तर ‘थांबा’ म्हणायचं. असं बोलल्याबद्दल कुणी त्याला वॉर्डात झापलं, तर पुढच्या वेळी तो गप्पच राहील. ज्युनियरला अपमानित करणं म्हणजे लीडरशिप नाही, ते रॅगिंग आहे, आणि २०२१ पासून एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) त्यावर स्वतंत्र नियम आहेत.

सरावासाठी विसर्जनाचा दिवस घ्या. लक्ष्मी रस्त्याच्या आसपासची वाहतूक बंद असते, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कन्सल्टंटला पोचायला वेळ लागतो. ड्युटी, पर्यायी रस्ते, फोनचा क्रम, रक्ताची सोय हा सगळा प्लॅन जेआर-थ्रीने आठवडाभर आधी लिहून युनिट हेडना दाखवावा.

उत्तर ३: ओटी सिस्टर

डॉक्टर, टाइम आउट (चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून करायची खातरजमा) जेआर-थ्रीकडे द्या. डब्ल्यूएचओची चेकलिस्ट २००८ पासून आहे, मुद्दे फक्त १९. पण ती पुटपुटत उरकली तर उपयोग शून्य. सगळ्यांचे हात थांबले पाहिजेत, प्रत्येकाने नाव आणि काम सांगितलं पाहिजे, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत गेलं का हे विचारलं पाहिजे. मेश कोणती, स्टेपलर लागणार का, हे तेव्हाच सांगितलं की आमची पळापळ वाचते. आणि एक विनंती, चुकांची चर्चा काउंट (गॉज, सुया, अवजारांची मोजणी) चालू असताना नको. मोजणीत खंड पडला की पहिल्यापासून मोजावं लागतं.

प्रश्नकर्ता

सिस्टरांचा मुद्दा पटला, चर्चा काउंट जुळल्यावर ठेवतो. दोन शंका. मूल्यमापन कशावर करायचं? आणि डीआरपीला (जिल्हा रुग्णालयातल्या पोस्टिंगला) तीन महिने रेसिडेंट बाहेर जातो, तेव्हा काय?

उत्तर १: सर्जन

मूल्यमापनाला नॉट्स (हाताच्या कौशल्यापलीकडची सर्जनची कौशल्यं मोजायची पद्धत) वापरा. परिस्थितीचं भान, निर्णय, संवाद-टीमवर्क आणि लीडरशिप अशी चार सदरं आहेत, प्रत्येकाला १ ते ४ गुण. एका केसला एकच सदर घ्या, चारही घेतली की फॉर्म संध्याकाळी अंदाजाने भरले जातात. गुणांसोबत ‘काय पाहिलं’ हे एका वाक्यात लिहा. ‘चांगला लीडर’ असं लिहू नका. ‘रक्तस्राव सुरू झाल्यावर सक्शन कुणी धरायचं ते नाव घेऊन सांगितलं’ असं लिहा. शिकवण्याबद्दल जेआर-टूलाही विचारा: आज उद्दिष्ट आधी सांगितलं होतं का, काढून घेतलं तर का ते कळलं का?

डीआरपी तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये असते, म्हणजे ऐन मधल्या काळात. औंधच्या जिल्हा रुग्णालयात असो वा तालुक्याला, तिथे पेशंट पुढे कधी पाठवायचा हा निर्णय त्याच्यासमोर रोज येतो. जाण्याआधी रेफरलचा फोन कसा करायचा याचा सराव करून घ्या: कोण, काय झालं, काय केलं, तुमच्याकडून काय हवं, सगळं एका मिनिटात. परत आल्यावर पाठवलेल्या तीन केसेस त्याने जेआर-वनना समजावून सांगायच्या. आणि त्या तीन महिन्यांत इंटर्नना टाके शिकवायचं काम जेआर-वनकडे द्या. सालीसकट चिकनची तंगडी आणि मुदत संपलेले धागे पुरतात, फक्त ते धागे ओटीच्या ट्रॉलीजवळ कधीही ठेवू नका.