बेळगावचा बळ्ळारी नाला: गाळ काढायचा, पण काठाचं काय?

येळ्ळूरचा शेतकरी:
आमचं भाताचं शिवार नाल्याला लागून आहे. जुलैत नाला फुगला की रोप कुजतं, दुबार लावणी करावी लागते. गाळ, जलपर्णी काढाच. पण यंत्र काठची करंजं आणि गवतही ओरबाडून नेतं. मग पहिल्या पावसात काठ ढासळून माती परत पात्रात. काठ हिरवा ठेवून पाण्याला वाट देता येईल का? काठासाठी जमीन सोडायला जीव होत नाही, तरी दोन हात सोडायला मी तयार आहे.

वडगावहून:
यंत्र एकाच काठानं चालवायला लावा, दुसऱ्या काठची झाडं शाबूत राहतात. काम मे संपायच्या आत हवं. शहराचं सांडपाणी थांबल्याशिवाय मात्र जलपर्णी हटणार नाही. तिला खत तेच.

खानापूरकर:
आमच्याकडं नाल्याचा नाही, पिकात शिरणाऱ्या गव्यांचा त्रास. आमच्या तालुक्यातलं भीमगडचं जंगल २०११ मध्ये अभयारण्य झालं. जंगल हवंच, मलप्रभा नदी इथं कणकुंबीलाच उगम पावते. पण रात्रभर माळ्यावर राखण करणाऱ्याला नुकसानभरपाई त्याच हंगामात मिळाली पाहिजे.

येळ्ळूरचा शेतकरी:
एका काठाचं पटलं, बैठकीत मांडतो. भातजमिनीत भराव घालून प्लॉट पाडणं थांबवा, हेही सांगणार.